टेक्सासला गेलेली माणसं

"थांबा, थांबा. कोण रडलं म्हणालात?"

इफ्रमच्या हातातली चवळीची शेंग अर्धी सोलायची राहिली. ओझेला पिकेटने कागदावरची ओळ बोटाने धरून ठेवली आणि चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही रडलात, ब्रदर इफ्रम. इथे तसं लिहिलंय."

"कुणासाठी?"

"टॉल्बर्टांसाठी."

इफ्रमने शेंग पाटीत टाकली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पुसले. "पुन्हा वाचा बघू, मास्तरीणबाई. हळू वाचा. माझे कान ब्याऐंशी वर्षांचे आहेत, सरकारी बोलणं त्यांना एका खेपेत झेपत नाही."

ओझेलाने पुन्हा वाचलं. "'उत्तर-दक्षिण युद्धाच्या तिसऱ्या वर्षी टॉल्बर्ट कुटुंब घरदार गाड्यांत भरून टेक्सासला निघालं. त्या सकाळी आठ वर्षांचा इफ्रम ओढ्यापर्यंत गाड्यांमागे धावला. आपल्या माणसांची आठवण निघाली की या इमानी म्हाताऱ्याचे डोळे आजही भरून येतात.'"

"इमानी," इफ्रम म्हणाला. "कुत्र्याला म्हणतात तसं?"

"तसंच."

खरं तर कागद वाचून दाखवणं ओझेलाच्या कामात बसत नव्हतं. गुलामीत जन्मलेली जेवढी माणसं आमच्या जिल्ह्यात अजून हिंडतीफिरती होती, त्यांच्या आठवणी लिहून घ्यायचं सरकारने त्या वर्षी काढलं होतं. बेकारांना काम आणि राजधानीला कागद, असे एका दगडात दोन पक्षी. मिसेस व्हेस्टा लेडबेटर गोऱ्या, म्हणून त्या प्रमुख. ओझेला काळी, म्हणून ती टाइपरायटरवर. आणि जिथे मिसेस लेडबेटरची मोटार चिखलात रुतेल तिथे पायी. करंगळीच्या बाजूला तिने बुटाला कात्रीने खिडकी पाडून घेतली होती. चौपन्न वर्षांच्या पायांना तेवढी हवा लागते.

जुलै उजाडेपर्यंत तिचे एकतीस म्हातारे झाले होते. त्यांची वर्गवारी तिच्या डोक्यात पक्की होती. बसल्या बसल्या पेन्शनचं विचारणारे अठरा. तू कुणाची, तुझी आई कोण, कुठल्या चर्चला जातेस, हे आधी काढून घेऊन मगच तोंड उघडणारे नऊ. आणि काहीच न बोलणारे चार; सगळ्यांत जास्त ऐवज त्या चौघांकडे असणार असा तिचा अंदाज होता. कुत्री चौदा, त्यांतली चावरी दोनच. म्हणजे माणसांपेक्षा कुत्र्यांचा अनुभव बरा.

कामाचा एकच भाग तिला टोचायचा. बावीस वर्षं तिने काळ्यांच्या एकखोली शाळेत पोरांना नीट बोलायला शिकवलं होतं. शाळा बंद पडली, नवरा त्याच्या आधीच गेला, आणि हे काम मिळालं. इथे वरून हुकूम असा की म्हातारी माणसं बोलतात तसंच मोडकंतोडकं लिहावं. ज्या चुकांसाठी तिने पोरांच्या तळहातावर पट्टी मारली, त्याच चुका ती आता मन लावून टाइप करायची आणि चुकीत चूक झाली तर खोडरबर घ्यायची.

मिसेस लेडबेटरने इफ्रमची मुलाखत स्वतः घेतली होती. छापील प्रश्नांतले तीन तेवढे विचारायचे राहिले होते: भूत पाहिलं का, तापावर कुठला पाला, आणि रविवारी जेवायला काय असायचं. तेवढ्यासाठी ओझेला बुधवारी सकाळी चार मैल चालत आली होती. तिन्ही उत्तरं झाली. (भूत पाहिलं नाही, पण एक देणेकरी मेल्यानंतर दिसला होता.) आणि जुनी खोड म्हणून, ज्याचा निबंध त्याला वाचून दाखवावा तसा, तिने सगळा कागद वाचायला घेतला.

"हे मी असं बोललोच नाही," इफ्रम म्हणाला.

"म्हणजे मिसेस लेडबेटरनी मनचं लिहिलं?"

"तसंही नाही. त्या म्हणाल्या, 'अंकल, तुझ्या माणसांचं सांग.' मी सांगितलं. माझी माणसं टेक्सासला गेली, मी मागं धावलो, ओढ्याला पाणी होतं, पुढं जाता येईना. अजून रडू येतं म्हणालो. शब्द सगळे माझेच आहेत."

"मग?"

"मग काय? माणसं कुणाची, ते बघा की."

ओझेलाने कागद मांडीवर ठेवला.

आमच्याकडे गोऱ्या माणसाने म्हाताऱ्या काळ्याला 'तुझी माणसं कोण?' असं विचारलं, तर उत्तरात जुन्या मालकाचं आडनाव द्यायचं असतं. हाच प्रश्न चर्चच्या पायरीवर आपल्यातल्या कुणी विचारला, तर आईबापांची नावं सांगायची. शब्द तोच. कोण विचारतंय ते बघून अर्थ काढायचा, हे आमच्याकडे मूल चालायला लागण्याच्या सुमारास शिकतं. मोठेपणी इफ्रमने हा शब्द कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी मात्र आठवणींच्या नादात तो घरातला अर्थ परक्या बाईपुढे काढून बसला.

"त्याच गाड्यांत होती माझी आई," तो म्हणाला. "डॉर्कस. आणि लेटी, माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आणि तान्हा एक, आईच्या पाठीला फडक्यात बांधलेला. उत्तरेची फौज लिटल रॉकला आली, तेव्हा टॉल्बर्टानं ठरवलं की माल टेक्सासात हलवायचा. माल म्हणजे आम्ही. मला थंडीताप होता. आजारी पोर वाटेत मरायचं आणि गाडीत जागा अडवायचं. म्हणून मला ठेवला एका लंगड्या म्हातारीपाशी. सगळ्यात पुढच्या गाडीत टॉल्बर्टाची बायको, मागच्या गाडीत माझी आई. मी धावलो ते मागच्या गाडीमागं. पुढची गाडी मला दिसतसुद्धा नव्हती."

"बाईंचा घोटाळा झालाय हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं की. लगेच आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी रुमाल काढला होता, मास्तरीणबाई. रुमाल काढलेल्या गोऱ्या बाईला तिची चूक दाखवून बघा तुम्ही एकदा, आणि मला येऊन सांगा काय झालं ते. शिवाय मला वाटलं, बाई पेन्शनीच्या खात्यातल्या आहेत."

"सगळ्यांनाच तसं वाटतं."

"सगळ्यांनाच पेन्शन पाहिजे असते." त्याने पाटीतली शेंग पुन्हा उचलली आणि न सोलताच हातात फिरवत राहिला. "आणि ही काही पहिली खेप नाही. दक्षिणेची शरणागती झाली, त्याच्या पुढच्या वर्षी म्हातारा टॉल्बर्ट टेक्सासातून परत आला. लांबून गाडी दिसली. मी असा सुटलो धावत. चाकाला धरलं आणि ओरडलो, 'माझी माणसं आली? माझी माणसं आली?' म्हातारा खाली उतरला. डोळ्यांत पाणी त्याच्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, 'आलो रे पोरा, आलो.'"

ओझेलाला हसू फुटलं. इफ्रमही हसला, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत. मग दोघंही एकदमच थांबली.

"गाडीत कोण होतं?"

"तो, त्याची बायको आणि एक भिंतीवरचं घड्याळ."

तो पुढे म्हणाला, "तिकडं सुटका झाल्यावर जो तो पांगला म्हणे. मी दोनदा चर्चच्या पेपरात पत्र घातलं. डॉर्कस नावाची बाई, लेटी नावाची मुलगी, कुणाला ठाऊक असल्यास कळवावं. टेक्सासात चर्चाचर्चांत वाचून दाखवलं म्हणतात. कुणी कळवलं नाही." मग कागदाकडे बोट करून, "हा कुठं जाणार?"

"आधी लिटल रॉकला, मग देशाच्या राजधानीला. तिथे ठेवून देतील."

"किती दिवस?"

"कायमचा, असं म्हणतात."

"कायमचा." हा शब्द त्याने तोंडात घोळवून पाहिला. "लेटीला पोरं झाली असतील. त्यांना पोरं. त्यातलं एखादं शिकलेलं तिथं जाईल आणि हा कागद उघडील. तर काय वाचेल? आपल्या आजीचा भाऊ टॉल्बर्टांच्या नावानं गळा काढत होता. आजीचं नाव सगळ्या कागदात नाही." तो ओझेलाकडे वळला. "बदला ते."

"माझ्या हातात नाही. लिहिलंय मिसेस लेडबेटरनी."

"तुमच्या हातात टाइपरायटर आहे."

"आणि गठ्ठा परवा, शुक्रवारी दुपारी जातोय. त्यांना विचारावं लागेल, ब्रदर इफ्रम. पण तुमचा दाखला?"

तो प्रश्न त्यालाही आधीच सुचला असावा. पेन्शनसाठी वयाचा दाखला लागतो. गुलामीत जन्मलेल्या पोराच्या जन्माचा कागद कोण ठेवणार? मिसेस लेडबेटर या त्या म्हाताऱ्या टॉल्बर्टाची नात. गाडीमागे धावलेला पोरगा तेव्हा आठ वर्षांचा होता, हे त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. तेवढं त्या सही करून लिहून देणार होत्या. म्हणजे इफ्रमचं वय सिद्ध होत होतं ते त्या इमानी पोराच्या गोष्टीवर. गोष्ट पुसली की वयही पुसलं जाण्याची भीती.

"तिला विचारा," शेवटी तो म्हणाला. "तीन नावं आहेत. काही फार मागत नाही मी."

परतीचे चार मैल ओझेलाने फार विचार न करता कापले. एक विचार मात्र सोबत चालला, तो दर म्हाताऱ्यानंतर चालायचाच. तिची स्वतःची आई गुलामीत जन्मली होती. एकाच घरात दोघी तीस वर्षं राहिल्या. ओझेलाने तिला एकही प्रश्न कधी विचारला नाही, आणि आता ती बत्तीसावी झाली असती.

गुरुवारी कोर्टाच्या तळघरातल्या खोलीत मिसेस लेडबेटर पंखा आपल्याकडे वळवून बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, हे आमच्या गावात दोन्हीकडचे लोक सांगतील. नाताळला त्या काळ्यांच्या चर्चला संत्र्यांची पेटी पाठवत. म्हाताऱ्या काळ्यांना त्या प्रेमाने 'अंकल' आणि 'आंटी' म्हणत. 'मिस्टर' आणि 'मिसेस' म्हणण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं जातं.

ओझेलाने उभ्यानेच सगळं सांगितलं. पुढची गाडी, मागची गाडी. जितकं मऊ करून सांगता येईल तितकं.

"असं कसं होईल?" मिसेस लेडबेटर खरोखरच गोंधळल्या. "तो माझ्यासमोर रडला, ओझेला. मी डोळ्यांनी पाहिलं."

"रडले ते खरंच आहे, मॅडम."

"आणि आजोबांची गोष्ट? आम्ही लहानपणी ती दर नाताळला ऐकायचो. आजोबा परत आले, तेव्हा गोऱ्यांपैकी एकही शेजारी सामोरा आला नाही. एकटा हा पोरगा धावत आला. 'माझी माणसं आली, माझी माणसं आली' म्हणत. ते सांगताना आजोबांचा आवाज जायचा." त्यांनी पंख्याचा कोन उगीचच बदलला. "तू विचारलंस म्हणून तो वेगळं बोलला. ही माणसं तुझ्यापुढे एक सांगतात आणि माझ्यापुढे एक."

"हो, मॅडम. ते तर आहेच."

मिसेस लेडबेटरने तिच्याकडे निरखून पाहिलं. या उत्तरात उद्धटपणा नेमका कुठे आहे ते त्यांना सापडेना. "मसुदा वाचून लिटल रॉकहून खास कौतुकाचं पत्र आलंय त्या परिच्छेदाबद्दल. उद्या दाखला न्यायला तो येणारच आहे. त्याला माझ्यासमोर म्हणू दे, की मी तुमच्या लोकांसाठी रडलो नाही. म्हटलं तर मी बदलीन."

ओझेला टाइपरायटरपाशी येऊन बसली. ब्याऐंशी वर्षांत इफ्रमने कुठल्याही गोऱ्या बाईला तोंडावर 'नाही' म्हटल्याची नोंद गावात नव्हती. तिच्या स्वतःच्या नावावरही तशा नोंदी फार नव्हत्या.

शुक्रवारी तो साडेदहाला आला, मागच्या दाराने. प्रेतयात्रेला घालायचा काळा कोट, जुलैच्या उन्हात, वरच्या बटणापर्यंत बंद. हॅट हातात.

"ये, अंकल इफ्रम, ये. किती घाम आलाय तुला!"

"तुमच्या कृपेनं अजून येतोय, मिस व्हेस्टा. आटला की काळजी करायची."

मिसेस लेडबेटर हसल्या. दाखला आधीच टाइप करून ठेवला होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला, खाली सही केली, टिपकागद दाबला आणि त्याच्या हाती दिला. इफ्रमने कागद ओझेलापुढे धरला.

"सही आहे का हो, मास्तरीणबाई? मला काय, सगळंच सारखं दिसतं."

"आहे."

"तारीख?"

"तीही आहे."

त्याने कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात सरकवली आणि वरून बटण लावलं. हे सगळं त्याने इतकं सावकाश केलं की बाहेर कोर्टाच्या घड्याळात पावणेअकराचा ठोका पडला.

"ओझेला म्हणते, तुझ्या कागदात तुला काही बदल हवाय," मिसेस लेडबेटर म्हणाल्या. आवाज गोड होता. पेन्सिल मात्र त्यांनी आडवी धरली होती.

"बदल?" इफ्रमने हॅटची कड बोटांनी फिरवली. "नाही, मिस व्हेस्टा. बदल कशाला?"

ओझेलाने मान खाली घातली. टाइपरायटरची अक्षरं तिच्यापुढे ओळीने बसली होती, पोरं बसायची तशी.

"सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही. माझी माणसं टेक्सासला गेली. मी धावलो. रडलो. अजून रडतो. एक अक्षर खोटं नाही."

"बघ," मिसेस लेडबेटर ओझेलाला म्हणाल्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"फक्त नावं राहिली," इफ्रम म्हणाला.

"कसली नावं?"

"माणसांची. एवढा रडलो म्हणून लिहिलंय, तर कुणाकुणासाठी ते नको? वाचणारा विचारील. डॉर्कस. आणि लेटी."

मिसेस लेडबेटरला टॉल्बर्ट घराण्याची पाच पिढ्यांची नावं पाठ होती, चुलतमावस धरून. त्यांत डॉर्कस नव्हती. त्या काही वेळ इफ्रमकडे बघत राहिल्या. तो जमिनीकडे बघत होता, जसं बघायचं असतं तसं.

"अंकल," त्या म्हणाल्या. आवाजातला गोडवा गेला होता. त्या जागी काही नव्हतं. "आजोबा परत आले, तेव्हा तू गाडीकडे धावत आला होतास ना?"

"आलो होतो, मिस व्हेस्टा. सगळ्यांच्या आधी पोचलो."

"मग?"

"मग गाडीत बघितलं."

पंखा डावीकडे गेला, उजवीकडे आला. मिसेस लेडबेटर उठल्या, पर्स घेतली, हातमोजे घेतले. एक हातमोजा खाली पडला, तो कुणी उचलायच्या आत त्यांनी स्वतःच उचलला. समजलेलं न समजल्यासारखं करणं ही कला आमच्या गावात दोन्ही बाजूंना येते, पण त्या दिवशी त्यांना ती जरा जड गेली.

"खाली एक ओळ जोड," त्या दारातून, मागे न वळता म्हणाल्या. "नावं घाल. वरचं काही हलवायचं नाही. बारा वाजता गठ्ठा बांधायचा आहे." मग त्यांच्या टाचा जिन्यावर वाजत वर गेल्या.

ओझेलाने इफ्रमचं पान काढलं, टाइपरायटरात घातलं, शेवटच्या ओळीखाली आणून नीट केलं.

"वरचं तसंच राहिलं, ब्रदर इफ्रम," ती म्हणाली. "'टॉल्बर्ट कुटुंब', 'आपली माणसं', आणि खाली ही नावं. वाचणाऱ्याला वाटेल, या टॉल्बर्टांच्याच बायका."

"वाटू द्या. आईनं जन्मभर त्यांचे कपडे धुतले, आता कागदावर जरा त्यांच्या शेजारी बसू दे." त्याने कोटाचं वरचं बटण सोडलं आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकला. चेहरा राखेसारखा झाला होता. "लेटीचं कुणी वाचलं तर त्याला कळेल. दुसऱ्या कुणाला कळून काय करायचंय?"

तिने टाइप केलं. 'त्यांची नावे: डॉर्कस, लेटी'. एकही चूक मुद्दाम केली नाही.

"आणि तान्हा?"

इफ्रमने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ओझेला थांबली. एकतीस म्हाताऱ्यांनी तिला थांबायला शिकवलं होतं.

"होतं त्याला नाव," तो म्हणाला. "आई हाक मारायची. हाक ऐकू येते, पण नाव येत नाही. सत्तर वर्षं झाली, इथवर येतं आणि परत जातं."

"मग 'एक तान्हा मुलगा' असं लिहू?"

"नको. नाव होतं म्हणालो ना. जागा सोडा."

"किती सोडू?"

इफ्रमने जरा विचार केला.

"पाच महिन्यांचा होता," तो म्हणाला. "थोडी पुरेल."

ओझेलाने 'लेटी'पुढे स्वल्पविराम दिला आणि अंगठा खालच्या लांब कळेवर ठेवला. कोऱ्या जागा सोडून कागद वाया घालवू नये, अशी छापील सूचना तिच्या डोक्यावरच लावलेली होती. ती कळ दाबत गेली. टाइपरायटरचा गाडा एकेक घर सरकत राहिला, ओळ संपल्याची घंटी वाजेपर्यंत.